टूलच्या वर्णनाची उगवण

"दिग्रसले आज सोयाबीनचा काय भाव हाय?"

पोती भरून ठेवली आहेत. गाडी आजच सांगायची की दोन दिवस थांबायचे, एवढेच ठरवायचे आहे. पूर्वी हा प्रश्न अडत्याला फोन करून विचारला जाई, आता तो मोबाइलमधल्या एआय सहायकालाही विचारता येतो. पण त्या सहायकामागचे भाषेचे मॉडेल आज सकाळच्या लिलावाबद्दल काहीच जाणत नाही. त्याचे शिक्षण कित्येक महिन्यांपूर्वी संपलेले असते. आजचा भाव त्याला बाहेरून आणावा लागतो आणि त्यासाठी त्याच्यापुढे काही टूल्स मांडून ठेवलेली असतात. एक बाजारभाव आणणारे, एक हवामान सांगणारे, एक पीकसल्ल्याच्या पुस्तिका धुंडाळणारे, अशी दहा-वीस किंवा त्याहूनही अधिक. यांतले कोणते उचलायचे, त्यात काय भरायचे आणि हाती आलेल्या आकड्यांचा अर्थ काय लावायचा, हे ज्या व्यवस्थेत मॉडेल स्वतः ठरवते तिला एजंट म्हणतात.

हे तो कशाच्या आधारावर ठरवतो? टूलच्या आत लिहिलेला प्रोग्रॅम त्याला दिसत नाही. दिसते ते टूलचे नाव, चार-सहा ओळींचे वर्णन आणि भरायच्या रकान्यांची यादी. टूल बनवणाऱ्या प्रोग्रॅमरला माहीत असते की भाव क्विंटलचा आहे, की रविवारी अनेक बाजारांची नोंद येत नाही, की 'बाजार' म्हणजे गाव नव्हे तर बाजार समिती. त्याने हे तासन्‌तास त्या माहितीशी झुंजून शिकलेले असते आणि म्हणूनच ते लिहून ठेवायचे त्याला सुचत नाही. वर्णनात जे आले नाही, तिथे एजंट अंदाज बांधतो. अंदाज बांधताना तो जराही अडखळत नाही, हीच खरी अडचण.

ही सारी पद्धत अगदी अलीकडची आहे. मेटाच्या संशोधकांचे 'टूलफॉर्मर' फेब्रुवारी २०२३ मध्ये आले, ओपनएआयने जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेलांना बाहेरची फंक्शन्स हाक मारून वापरण्याची सोय दिली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' खुला केला. त्यानंतर कोणीही लिहिलेले टूल कोणाच्याही एजंटला जोडणे सोपे झाले. महाराष्ट्रातही हा विषय प्रयोगशाळेबाहेर पडला आहे. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये 'महाअ‍ॅग्री-एआय धोरण २०२५-२०२९' मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली. त्याच वर्षी कृषी विभागाचे 'महाविस्तार' अ‍ॅप आले. त्यात शेतकऱ्याला मराठीत प्रश्न विचारून हवामान, बाजारभाव, पीकसल्ला मिळवता येतो. पुढच्या पानांवर येणारी टूल्स मी समजावण्यासाठी रचली आहेत, ती कोणत्याही एका अ‍ॅपची नव्हेत. त्यांच्यापुढे येणाऱ्या अडचणी मात्र दिग्रसच्या पंचक्रोशीतल्या आणि राज्याच्या बाजारातल्या खऱ्याखुऱ्या आहेत.

एक वर्णन पाहू: "बाजारभाव: दिलेल्या बाजारातील शेतमालाचा भाव देते. रकाने: बाजार, शेतमाल, तारीख." कुठलाही वरिष्ठ अभियंता हे वाचून 'ठीक आहे' म्हणेल. वाक्य स्वच्छ आहे, चूक काही नाही.

आता राज्य कृषी पणन मंडळाच्या रोजच्या बाजारभावाच्या तक्त्याशेजारी ते ठेवू. तक्त्यात शेतमालानंतर जात किंवा प्रत, मग परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. म्हणजे 'भाव' ही एक संख्या नाही, तीन आहेत. जास्तीत जास्त दर हा त्या दिवशीच्या एखाद्या सरस ढिगाला मिळालेला असू शकतो. पावसात भिजलेले, डागी सोयाबीन घेऊन गेलेल्या माणसाला तो आकडा सांगणे म्हणजे त्याला गाडीभाड्यात बुडवणे. बहुतेक माल ज्या दराने गेला तो सर्वसाधारण दर. केंद्राच्या, २००० साली सुरू झालेल्या अ‍ॅगमार्कनेटवर त्यालाच मोडल प्राइस म्हणतात. टूलने तिन्ही आकडे परत दिले आणि शेतकऱ्याला प्रथम कोणता सांगावा हे वर्णनात नसेल, तर एजंट कधी हा सांगेल, कधी तो, आणि कधी तिघांची सरासरी काढून चौथाच.

परिमाणाचेही तसेच. सोयाबीन, तूर, हरभरा क्विंटलने, पण कोथिंबीर-मेथीसारखी पालेभाजी अनेक बाजारांत नगाने म्हणजे जुडीने नोंदली जाते, आणि १०० जुड्यांचा दर एका क्विंटलचा म्हणून सांगितला गेला तर ऐकणाऱ्याला ते लगेच कळेलच असे नाही. कापसाचा सापळा याहून मोठा. शेतकरी विकतो तो सरकीसकट कापूस, क्विंटलने. वायदे बाजारात आणि गिरण्यांच्या व्यवहारात भाव असतो तो रुईचा, खंडीने, म्हणजे सुमारे ३५६ किलोंना. दोन्हींना इंग्रजीत एकच नाव पडल्यामुळे एखादे टूल रुईच्या खंडीचा भाव 'कापूस' या नावाखाली देऊ शकते. यवतमाळ जिल्ह्यात, जिथे कापसावर घरे चालतात, तिथे ही चूक क्षुल्लक म्हणता येणार नाही.

तारीख कशी भरायची? ०५/०६ म्हणजे आपल्याकडे पाच जून, अमेरिकन रिवाजाने सहा मे. पाच जूनला खरिपाच्या बियाण्यांसाठी पैसा उभा करायचा असतो, महिनाभर जुना भाव घेऊन काय करणार?

आणि काहीच मिळाले नाही तर? टूलने रिकामी यादी परत दिली, तर त्याचे किमान तीन अर्थ होतात. बाजार बंद होता, बाजार चालू होता पण त्या मालाची आवक नव्हती, किंवा समितीने नोंद अजून चढवलेली नाही. पोळ्याच्या दिवशीची रिकामी यादी आणि भर हंगामातल्या मंगळवारची रिकामी यादी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर्णनात याबद्दल एक ओळ नसेल तर एजंट "आज दिग्रसमध्ये सोयाबीनची खरेदी झाली नाही" असे ठामपणे सांगून मोकळा होतो, आणि माणूस गाडी दुसऱ्या गावाला वळवतो. माझ्या मते कोणत्याही टूलच्या वर्णनात सर्वांत आधी शोधावी ती ही ओळ. बहुतेक वेळा तीच नसते.

आता 'बाजार' या रकान्याकडे येऊ, कारण दिग्रसच्या बाबतीत खरी गंमत इथे आहे. दिग्रस हे यवतमाळ जिल्ह्यातले शहर आहे, त्याच नावाचा तालुका आहे, बाजार समिती आहे आणि विधानसभा मतदारसंघही आहे. त्या मतदारसंघात दारव्हा आणि नेर हे भागही येतात. म्हणजे "दिग्रसमध्ये किती पाऊस झाला" या प्रश्नातले दिग्रस कोणते, हे बोलणाऱ्याच्या मनात असते, शब्दात नसते. पुढे, परभणी जिल्ह्याच्या पालम तालुक्यात गोदावरीवर डिग्रस बंधारा आहे. त्याचे पाणी नांदेडच्या विष्णुपुरी जलाशयासाठी सोडण्याच्या मागणीवरून बातम्या येत असतात. इंग्रजी अक्षरांत लिहिताना हे दोन्ही एकच होतात. आपल्या दिग्रसजवळ अरुणावती प्रकल्प आहे. "दिग्रसच्या धरणात पाणी किती" असे विचारणाऱ्याला गोदावरीच्या बंधाऱ्याचा साठा मिळणे अगदी शक्य आहे.

आणखी एक. सांगलीजवळ मिरज तालुक्यात कसबे डिग्रज आहे. तिथल्या कृषी संशोधन केंद्रात सोयाबीनचे 'फुले संगम' हे वाण तयार झाले. केडीएस-७२६ हे त्याचे दुसरे नाव, आणि त्यातली पहिली दोन अक्षरे कसबे डिग्रजचीच आहेत. हे वाण विदर्भातही पेरले जाते. तेव्हा यवतमाळच्या दिग्रसच्या शेतकऱ्याने फुले संगमबद्दल विचारले आणि पुस्तिका धुंडाळणाऱ्या टूलने डिग्रजच्या हवामानाला, तिथल्या जमिनीला धरून लिहिलेला मजकूर काढून दिला, तर एजंटला तो अगदी नेमका वाटेल. गावाचे नाव जवळजवळ जुळते, वाण जुळते. आजूबाजूच्या बाजारांतही असे खाचखळगे आहेत. कारंजा म्हटले तर दिग्रसकराला वाशिम जिल्ह्यातले कारंजा लाड अभिप्रेत असते, पण वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे आहे. नेर म्हणजे नेर परसोपंत, हे इथे सांगावे लागत नाही. यंत्राला सांगावे लागते.

नावाऐवजी अक्षांश-रेखांश घेतले की प्रश्न सुटतो, असे पुष्कळांना वाटते. दिग्रस साधारण २०.१ उत्तर आणि ७७.७ पूर्व इथे आहे. काही टूल्स आधी अक्षांश मागतात, काही आधी रेखांश. नकाशांच्या माहितीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जिओजेसन या नमुन्यात रेखांश आधी येतो. क्रम वर्णनात लिहिलेला नसेल आणि एजंटने तो उलटा भरला, तर ७७.७ उत्तर, २०.१ पूर्व हे ठिकाण निघते उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांपाशी, बर्फाळ समुद्रात. आणि टूल कोणतीही तक्रार करत नाही. दोन्ही आकडे पृथ्वीवरच्या वैध जागेचे आहेत, तिथलेही हवामान उपलब्ध आहे. म्हणून ते देते.

एवढे लक्षात घेऊन लिहिलेले वर्णन काहीसे असे होईल: "महाराष्ट्रातील एका कृषी उत्पन्न बाजार समितीत एका दिवशी नोंदलेले दर देते. बाजाराचे नाव चालत नाही, समितीचा क्रमांक द्यावा. तो 'ठिकाण शोधा' या टूलने मिळतो. एकाच नावाची अनेक ठिकाणे मिळाल्यास वापरणाऱ्याला जिल्हा विचारावा, स्वतः निवडू नये. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. उत्तरात कमीत कमी, जास्तीत जास्त व सर्वसाधारण असे तीन दर येतात. वापरणाऱ्याने वेगळे विचारले नसेल तर सर्वसाधारण दर सांगावा. परिमाण प्रत्येक नोंदीत दिलेले असते, ते दरासोबत सांगावे. कापूस म्हणजे सरकीसकट कापूस, रुई नव्हे. यादी रिकामी आली तर त्याचा अर्थ नोंद नाही एवढाच, बाजार बंद होता असा नव्हे. हमीभावासाठी हे टूल वापरू नये."

वाचायला हे चांगले वाटते, पण चांगले वाटणे हा पुरावा नाही. या प्रकरणाचा खरा विषय हाच आहे.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हा फरक कोणी शिकवायला नको. बियाण्याच्या पिशवीवर काय छापलेले असावे हे १९६६ चा बियाणे कायदा आणि १९६८ चे नियम सांगतात: पीक, वाण, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, उगवणशक्ती, शुद्धता. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी. तरीही २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभरातून हजारो तक्रारी आल्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. पिशवीवरचे शब्द व्यवस्थित होते, जमिनीत दाणे कुजले. म्हणून कृषी विभागाचे कर्मचारी दरवर्षी सांगतात: शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, सहा-सात दिवसांनी उगवलेले मोजा. टूलच्या वर्णनाचीही परीक्षा हीच. वाचून 'छान लिहिले आहे' असा शेरा देऊ नये. शंभर प्रश्न त्यावर टाकावेत आणि किती उगवले ते मोजावे.

प्रश्न आणायचे कोठून? टूल लिहिणाऱ्यानेच प्रश्न काढले तर ते त्याच्या वर्णनाच्या शब्दांतच येतात: "दिग्रस बाजार समितीतील सोयाबीनचा सर्वसाधारण दर सांगा." असा प्रश्न कोणी विचारत नाही. लोक विचारतात, "दिग्रसपेक्षा दारव्ह्याले जास्त भेटन का?" त्यात मालाचे नाव नाही, ते आधीच्या वाक्यात होऊन गेले. दोन बाजार आहेत, म्हणजे टूल दोनदा वापरायला हवे. "कापसाले काय चालू हाय?" यात गावच नाही, तिथे बरोबर वर्तन म्हणजे उलट प्रश्न विचारणे. "कारंज्याले तूर कशी गेली काल?" इथे कारंजे कोणते ते संदर्भावरून ओळखता येते, पण 'काल' रविवार होता की नाही ते पाहावे लागते. "हमीभाव तरी भेटते का आता?" यासाठी दोन वेगळी टूल्स लागतात. एक या वर्षीचा हमीभाव देणारे, दुसरे बाजारातला दर देणारे, आणि मग वजाबाकी. "सोयाबीन पिवळं पडून राह्यलं" यात सोयाबीन आहे, पण बाजारभावाच्या टूलचा काही संबंध नाही. पणन मंडळाच्या तक्त्यात सोयाबीनची एक प्रतच 'पिवळा' या नावाने नोंदली जाते, त्यामुळे इथे गोंधळ होण्याचा संभव खरा आहे. हे प्रश्न मुंबई-बंगळूरच्या कार्यालयात बसून सुचणार नाहीत. ते अडत दुकानात, समितीच्या काट्यावर, कृषी सेवा केंद्राच्या बाकावर बोलले जातात, आणि तिथूनच, बोलीसकट, उतरवून घ्यावे लागतात. परीक्षेच्या या कामात सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी पैसे मिळणारे काम तेच आहे, असे मला मनापासून वाटते.

प्रत्येक प्रश्नाबरोबर अपेक्षित वर्तनही लिहून ठेवायचे. कोणते टूल, कोणत्या रकान्यात काय, किती वेळा, की मुळीच नाही. मग मोजणी वेगवेगळ्या पातळ्यांवर होते. टूल बरोबर निवडले का? रकाने बरोबर भरले का? परत आलेल्या माहितीतून बरोबर तेच सांगितले का? या तिन्ही गोष्टींचा एकच मिळून गुण काढला तर काही कळत नाही. निवड चुकत असेल तर दोष बहुधा वर्णनाच्या पहिल्या ओळीत असतो, रकाने चुकत असतील तर रकान्यांच्या खुलाशात, आणि अर्थ चुकत असेल तर उत्तरात काय येते हे सांगितलेलेच नसते. टूल न वापरण्याचे प्रश्न विसरू नयेत. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या फंक्शन कॉलिंगच्या गुणतक्त्यात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. पुढे ठेवलेल्या टूल्सपैकी एकही कामाचे नसताना मॉडेल गप्प बसते की काहीतरी उचलतेच, हे तिथे तपासतात.

एकदा बरोबर आले म्हणजे बरोबर, हेही खरे नाही. जून २०२४ मध्ये सिएरा या कंपनीच्या संशोधकांनी टाऊ-बेंच ही परीक्षा मांडली. तिच्यात एजंटला ग्राहकाशी बोलून, नियम पाळून, टूल्स वापरून काम पुरे करायचे असते. त्या वेळच्या आघाडीच्या जीपीटी-४ओसारख्या मॉडेलला निम्म्याहून कमी कामे जमली. त्याहून बोलके निरीक्षण दुसरे होते. दुकानदारीच्या विभागात तेच काम आठ वेळा दिले तर आठही वेळा बरोबर येण्याचे प्रमाण २५ टक्क्यांच्याही खाली होते. हिशेब करून पाहा: एखादे टूल दहापैकी नऊ वेळा बरोबर वापरले जात असेल, तर ओळीने आठही वेळा ते बरोबर वापरले जाण्याची शक्यता ४३ टक्के उरते. भाव विचारणारा माणूस हंगामात रोज विचारतो. त्याच्या दृष्टीने ४३ हा आकडा खरा.

परीक्षा घेताना शिस्त एकच: वर्णन सोडून बाकी काही बदलायचे नाही. मॉडेल तेच, प्रश्न तेच, शेजारची टूल्स तीच. शेजारची टूल्स तर हवीतच. एकटे ठेवलेले टूल नेहमीच बरोबर निवडले जाते, दुसरे काही उचलायला नसतेच. 'बाजारभाव' आणि 'हमीभाव' ही दोन वर्णने स्वतंत्र वाचली तर दोन्ही उत्तम, आणि शेजारी ठेवली की एकमेकांवर पाय देतात.

वर्णनातल्या एका ओळीने किती फरक पडतो याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. अँथ्रॉपिकने आपल्या क्लॉड या मॉडेलला वेबवर शोधायचे टूल दिले, तेव्हा असे दिसले की मॉडेल शोधशब्दांच्या मागे विनाकारण '२०२५' जोडते आहे आणि त्याने निकाल बिघडतात. टूलचे वर्णन सुधारल्यावर ती सवय गेली. त्याच कंपनीचे दुसरे उदाहरण मला अधिक शिकवणारे वाटते. प्रोग्रॅम दुरुस्त करणारा त्यांचा एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेला की फाइलचा पत्ता चुकवत असे. त्यांनी टूलच असे बदलले की फाइलचा मुळापासूनचा पूर्ण पत्ताच स्वीकारला जाईल. चूक थांबली. परीक्षेत वारंवार एकाच जागी दाणे मरत असतील, तर वर्णनात आणखी तीन सूचना कोंबण्यापेक्षा टूलचा रकानाच बदलावा. वरच्या वर्णनात बाजाराच्या नावाऐवजी क्रमांक मागितला आहे तो त्यासाठीच. गाव आणि तालुक्यांसाठी तर केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येकाला संकेतांक दिलेलाच आहे. यवतमाळचे दिग्रस आणि परभणीचे डिग्रस तिथे एकमेकांत मिसळत नाहीत.

लांबलचक वर्णन म्हणजे चांगले वर्णन, हा समजही मोजणीत टिकत नाही. जोडलेल्या टूल्सची वर्णने प्रत्येक प्रश्नाच्या वेळी मॉडेलपुढे जातात आणि त्याची किंमत मोजावी लागते. देवनागरी मजकूर बऱ्याच मॉडेलांत इंग्रजीपेक्षा अधिक तुकड्यांत मोडला जातो, म्हणजे ती किंमत आणखी वाढते. सूचना इंग्रजीत ठेवाव्यात आणि मालांची, गावांची, प्रतींची नावे मात्र जशी इथे बोलली जातात तशी मराठीत द्यावीत, अशी तडजोड मला योग्य वाटते. पण तीही दोन्ही तऱ्हांनी मोजून ठरवावी. शिवाय सुधारणा करता करता वर्णन त्या शंभर प्रश्नांच्याच मापाचे होऊन बसते. म्हणून काही प्रश्न शेवटपर्यंत झाकून ठेवावेत. वर्णन लिहिणाऱ्याने ते पाहूच नयेत.

एकदा उत्तीर्ण झालेले वर्णन कायमचे उत्तीर्ण राहत नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी ५,३२८. मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,१२१ वरून ७,७१० झाला. हमीभावाचा आकडा उदाहरण म्हणून वर्णनात लिहिला, तर टूल न वापरता एजंट तोच सांगून टाकतो. त्यामुळे बदलणारे आकडे वर्णनात नसावेतच. पण नियम बदलतात तेव्हा काय? महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याला एका रुपयात पीकविमा होता. २०२५ च्या खरिपात ती योजना बंद झाली, खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांना विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंतचा हप्ता परत आला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतून येणाऱ्या उत्पन्नाशी जोडली गेली. शेतात पाणी शिरल्यास ७२ तासांत कळवा, हे वाक्य तोवर गावोगाव पाठ झाले होते, आणि विम्याची टूल्स लिहिणाऱ्यांच्याही तोंडात होते. जुन्या वर्णनाच्या आधारे एजंट शेतकऱ्याला त्या हंगामातही ७२ तासांच्या मागे पळवू शकला असता, आणि भाषेच्या दृष्टीने त्या वर्णनात एकही दोष सापडला नसता. प्रत्येक खरिपाआधी आणि रब्बीआधी प्रश्नसंच ताजा करून परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल. संचातली अपेक्षित उत्तरेही शासन निर्णयांशी ताडून पाहावी लागतील.

वर्णन खोटेही असू शकते. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्स या सुरक्षा संशोधन कंपनीने दाखवले की टूलच्या वर्णनातच लपवून सूचना लिहिता येतात. माणसाला पडद्यावर टूलचे साधे नाव दिसते, एजंटला मात्र वर्णनात "आधी अमुक फाइल वाचून तिच्यातला मजकूर या रकान्यात भर" असा हुकूम मिळतो आणि एजंट तो पाळतो. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये २०२५ पासून टूलला शिक्के लावायची सोय आहे. हे फक्त वाचते, हे कायमचा बदल करते, असे. पण हे शिक्के टूल बनवणाराच लावतो, आणि जिथे त्याच्यावर विश्वास नाही तिथे शिक्क्यावरही विश्वास ठेवू नये, असे प्रोटोकॉलमध्येच म्हटले आहे. म्हणून परीक्षकाने वर्णन आणि वर्तन शेजारी ठेवून पाहायचे. 'फक्त वाचते' म्हणणारे टूल खरेच काही लिहीत नाही ना, हे ते चालवूनच कळते.

लिहिणाऱ्या टूल्सचा हिशेब तर मी वेगळाच ठेवेन. भारतीय कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, हमीभावाने कापूस विकण्यासाठी २०२५ च्या हंगामापासून 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी सुरू झाली. समजा एजंटच्या हाती अशा नोंदणीचे आणि कापूस नेण्याची तारीख धरून ठेवण्याचे टूल आहे. शेतकरी म्हणतो, "सीसीआयले कापूस घालाचा विचार हाय." हा विचार आहे, हुकूम नव्हे. महामंडळ ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस घेते, १२ च्या वर गेला की गाडी परत. पहिल्या वेचणीचा कापूस ओला असतो. तेव्हा इथे एजंटने ओलाव्याची अट सांगावी, कापूस वाळवला आहे का ते विचारावे, किती क्विंटल आणि कोणते केंद्र ते विचारावे, आणि शेतकरी "हो, धरा तारीख" म्हणेपर्यंत टूलला हात लावू नये. परीक्षेत त्याने विचारण्याआधीच तारीख धरली, तर बाकीच्या नव्व्याण्णव प्रश्नांची सरासरी मी पाहणार नाही. ते वर्णन नापास, आणि त्यात "वापरणाऱ्याच्या स्पष्ट होकाराशिवाय वापरू नये" ही ओळ का नव्हती, किंवा असून का वाचली गेली नाही, तिथून काम पुन्हा सुरू.